फुटाला इंच

टप्.

भर दुपार होती. भिंगरी झोपली होती, बाबा पलीकडच्या खोलीत नकाशावर वाकला होता आणि जिन्यातल्या मांजरानंसुद्धा तोंड मिटलं होतं. अशा चिडीचूप शांततेत बाथरूममधला नळ टपकला, आणि आईच्या चिमट्यात धरलेली खिडकी निसटून डिंकाच्या वाटीत पडली.

"पड बाई," आई खिडकीला म्हणाली. "तूच तेवढी शहाण्यासारखी वागत होतीस."

ती जमिनीवर फतकल मारून बसली होती. पुढ्यात घर होतं. कुठलं घर? तर ज्या घरात ती बसली होती तेच, फुटाला इंच या मापानं लहान केलेलं. खरं दार साडेसहा फुटी, तर हे साडेसहा इंची. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, जिना, दाराच्या चौकटीला टांगलेला दोरीचा झोका, सगळं फूटपट्टी लावून, कापून, घासून, चिकटवून. त्या एवढ्याशा खोलीत एवढीशी आई बसून त्याहून एवढंसं घर बनवत नव्हती एवढंच, नाही तर हा उद्योग कधी संपलाच नसता.

आणि हे लचांड तिनं आपणहून गळ्यात घेतलं होतं.

झालं होतं असं. आई तंत्रनिकेतनात पाणी शिकवायची. पाणी कसं वाहतं, कुठं अडतं, कशावर किती जोर लावतं. आता रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर, दुसऱ्या गावात, एक मोठी प्रयोगशाळा होती. तिथं नद्या, धरणं, बंदरं लहान करून बांधत, त्यांत पाणी सोडत, आणि खऱ्या नदीचं पुढं काय होणार ते आधीच बघून घेत. त्या प्रयोगशाळेवर आई भिंगरीच्या जन्माआधीपासून डोळे लावून बसली होती. अर्ज केला, मुलाखत दिली, मुलाखतीत 'प्रतिकृती आणि मापं' या विषयावर असं काही बोलली की समोरचे तिघंही माना डोलवत राहिले. मग तीन आठवड्यांपूर्वी फोन आला. या म्हणाले. महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले.

बाबाचा प्रश्न नव्हता. त्याचे नकाशे कुठल्याही टेबलावर निघाले असते. "मला एक खिडकी दे आणि वेळेवर चहा दे," तो म्हणाला, "मग मी ध्रुवावरसुद्धा येतो." घोडं अडलं ते भिंगरीपाशी. भिंगरी पहिलीत होती आणि तिचा निर्णय झालेला होता.

"तुम्ही जा. मी इथंच राहते."

"एकटी?"

"एकटी कशी? घर आहे ना."

यावर काय बोलावं? शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण आईनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "मग आपण घरच बरोबर नेऊ की!"

"सगळं?"

"सगळं."

"झोका पण?"

"झोका पण."

"नळ पण? टपकणारा?"

"टपकणारासुद्धा."

नळाची गोष्ट अशी की तो भिंगरीच्या जन्मापासून टपकत होता आणि रोज ती त्याचे थेंब ऐकत ऐकत झोपी जायची. एकदा नळवाल्याला बोलावलं, तर तिनं असं भोकाड पसरलं की तो बिचारा पाना पिशवीत घालून, पैसे न घेता, उलट तिलाच गोळी देऊन गेला.

बाबानं चष्मा नाकावर ओढून आईकडं पाहिलं. या नजरेचा अर्थ लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच आईला कळला होता. 'तू बोललीस, तूच निस्तर' असा तो होता. भिंगरीनंही अट घातली. घर खरोखर आपलंच असलं तर ती येणार. नसलं तर नाही. आणि आईनं मनाशी ठरवून टाकलं की पोरगी मनापासून हो म्हणाली तरच आपणही फोनवर हो म्हणायचं. वर बाबाला ऐटीत सांगितलं, "अरे, लहान आहे ती. लहान पोराचं दुःख ते केवढं असणार? चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी नव्या जिन्यावर उड्या मारेल. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी घर तयार."

आज तो शनिवार होता.

इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, म्हणजे पुढची फजिती कळेल. आई दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर एक उंदीर काढायची आणि एक हत्ती काढायची. हत्ती तिला झकास जमायचा, उंदीर मात्र बटाट्यावर जायचा. मग ती विचारायची, "हा उंदीर फुगवून हत्तीएवढा केला तर काय होईल?" कुणी म्हणे मांजरं पळून जातील. आई म्हणे, पाय मोडतील. कारण लांबी दुप्पट केली की अंगावरची कातडी चौपट होते आणि वजन आठपट. मोठं करा नाही तर लहान करा, सगळं एकाच पावलानं चालत नाही. एक गोष्ट हळू कमी होते, दुसरी झपाट्यानं, आणि तिसरी आपल्या जागेवरून हलायलाच तयार नसते. पोरं हे वहीत लिहून घेत. परीक्षेत लिहीत. पास होत.

आईनं स्वतः मात्र कुठं लिहून ठेवलं नव्हतं. नाही तर दिव्याखाली एवढा अंधार पडला नसता.

दारावर नखानं वाजवल्यासारखा आवाज झाला. मामा होता. आईचा धाकटा भाऊ. बाजारात त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि या घराला लागलेली सगळी पातळ फळी त्यानं 'भाचीच्या नावावर' दिली होती. हातातली पिशवी ठेवत तो पायाच्या बोटांवर आत आला, घराभोवती एक फेरी मारली आणि कुजबुजला, "ताई, भाडं किती म्हणालीस?"

"तुला परवडणार नाही. कुजबुज कर, ती झोपलीय."

"मी कुजबुजतोच आहे. ही खुर्ची कशाची?"

"आगपेटीच्या काड्यांची."

"बसलं की मोडणार."

"पैज?"

आईनं इकडं तिकडं पाहिलं आणि कपाटावरची इस्त्री उचलली. जुनी, जड, ओतीव इस्त्री. ती अलगद त्या बोटभर खुर्चीवर उभी ठेवली. खुर्ची हूं की चूं न करता उभी. मामा खाली वाकून, गाल जमिनीला टेकवून, खुर्चीचे पाय बघायला लागला.

"आयला!"

"लहान वस्तू अंगाच्या मानानं दणकट असते," आई मान ताठ करून म्हणाली. "म्हणून तर मुंगी स्वतःपेक्षा मोठा दाणा ओढते. मूर्ती लहान पण कीर्ती महान."

"मग माझ्या दुकानातल्या खुर्च्या का मोडतात?"

"तुझ्या गिऱ्हाइकांची मूर्ती महान असते म्हणून."

मामा खुर्ची हातात घेऊन उलटसुलट करत होता. "पण ताई, ही खिडकीजवळची वेताची ना? ती तर केव्हाच मोडली. मीच भंगारात नेली होती."

"ठेव ती खाली. आणि चहा हवा असेल तर गप्प बस."

खुर्चीनं दगा दिला नाही, तो दिला असता तर बरं झालं असतं. आई सावध झाली असती. पण इस्त्री पेललेली बघून ती अशी फुशारली की आता नळाचं काय मोठंसं, असं तिला वाटलं. पाणी तर तिचंच होतं. पंधरवड्यापूर्वी तिनं औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची एक बारीक सुई आणली होती, टोक घासून बोथट केलं होतं, वाकवून नळाचा आकार दिला होता. मागं पातळ नळी, नळीच्या टोकाला बाटली. खाली फरशी, फरशीत पाणी जायला एक भोक. तेही मापानं. बाटली तिनं खिडकीच्या कठड्यावर टांगली आणि श्वास रोखला.

सुईच्या टोकाशी थेंब आला. आला, फुगला, आणि राहिला.

"पड ना," आई म्हणाली.

थेंब लोंबकळत मोठा होत गेला, मोठा होत गेला, आणि शेवटी एकदाचा सुटला. त्या घरात राहणाऱ्याच्या हिशेबानं नळातून लिंबाएवढा गोळा खाली आला होता. तो फरशीवर पडला आणि पसरला नाही. घुमटासारखा फुगून बसला. दुसरा आला, त्याला जाऊन चिकटला. तिसरा आला. आता बाथरूमच्या मध्यभागी पाण्याची एक चकचकीत टेकडी उभी होती, बरोबर त्या भोकावर, आणि भोकातून खाली एक थेंबसुद्धा जात नव्हता.

मामा बघत होता. "ताई, मुंगीला मुताचा पूर म्हणतात तो हाच काय?"

"पाण्याला स्वतःची एक कातडी असते," आई वर्गातल्यासारखी बोलून गेली. "थेंब केवढा व्हायचा ते ती कातडी ठरवते. नळ बारावा हिस्सा केला म्हणून थेंब काही बारावा हिस्सा होत नाही." आणि मग स्वतःच्याच तोंडून निघालेलं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. डिंकाचा हात. केसांची एक बट कपाळाला चिकटली ती चिकटलीच.

"तुला नोकरी कशाची लागलीय म्हणालीस?" मामानं विचारलं.

"गप."

"नाही, पाण्याचे छोटे नमुने करायचीच ना?"

"गप रे!"

तिनं बाटलीत साबण कालवला. साबणानं कातडी सैल पडते, थेंब लहान होतो, हेही ती शिकवायची. थेंब लहान झाला. टेकडी बसली, भोकातून पाणी उतरलं. आणि बाथरूममधून फेस वर आला, दारातून बैठकीत आला, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीला लागला.

"आई? घर उकळतंय का?"

भिंगरी दारात उभी होती. एका गालावर उशीची घडी उमटलेली, केस चारी दिशांना.

आता माघार नव्हती. आईनं फेस टिपला, बाटली उतरवली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "ये. बघ. आपलं घर."

भाड्याच्या घरात खोट काढायला आलेली एखादी खडूस बाई असते ना, तशी भिंगरी फिरली. हात मागं बांधून. तिच्या मागं मामा, मामाच्या मागं चहाची किटली घेऊन आलेला बाबा. भिंतीचा रंग बरोबर. दाराची कडी बरोबर. जिन्याची तुटकी पायरीसुद्धा बरोबर, यावर तिनं मान डोलावली. आईच्या जिवात जीव आला. मग भिंगरीनं खिशातून ठोकळीबाई काढली. ही तिची लाकडी बाहुली, बोटाएवढी, जणू याच घराच्या मापानं जन्मलेली. तिला झोक्यावर बसवलं आणि हलकेच ढकललं.

झोका टकटकटकटक हलला. डास कानाशी फिरावा तसा.

"हिला भोवळ येईल."

"हळू ढकल."

"हळूच ढकलला." तिनं पुन्हा ढकलला, अगदी श्वासाचा स्पर्श व्हावा इतकाच. "बघ. थोडासाच जातो, पण घाईघाईनंच जातो."

"दोरी आखूड आहे ना," आई म्हणाली. "आखूड दोरीचा झोका घाईतच असतो. तुझा झोका एकदा जाऊन येतो तेवढ्यात हा तीन-साडेतीन वेळा जाऊन येतो."

"मग हिला झोका लवकर संपला असं वाटेल."

बाबानं खोकल्यासारखं काहीतरी केलं. भिंगरी पडद्याकडं वळली. खऱ्या घरात तो पडदा वारा आला की फुगायचा आणि ती त्यात स्वतःला गुंडाळून 'मी नाहीये' असं ओरडायची. आईनं त्याच पडद्याची कड कापून छोटा पडदा केला होता, कापडही तेच. भिंगरीनं फुंकर मारली. पडदा पत्र्यासारखा ताठ, जागचा हलला नाही.

"हा आजारी आहे का?"

"कापड तेच आहे गं. पण एवढासा तुकडा... त्याला वजनच नाही खाली ओढायला. म्हणून तो ताठ राहतो."

"हिला लपता येणार नाही."

मग तिनं ठोकळीबाईला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं आणि सोडलं. बाहुली टुणटुणत खाली आली. भिंगरीनं ती उचलली, हनुवटी तपासली. स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. मागच्या वर्षी याच जिन्यावरून ती पडली होती आणि तिला टाके घातले होते. मग तिनं बाहुली छपरावरून सोडली. मग उभं राहून, हात उंच करून, स्वतःच्या डोक्यावरून सोडली.

"हिला लागतच नाही."

"लहान आहे ना ती. हलकी आहे. लहानांना पडलं तर फार लागत नाही."

"मीपण लहान आहे. मला लागलं."

"तू एवढी लहान नाहीस."

"त्या दिवशी तू बाबाला म्हणालीस, मी लहान आहे. मी दारामागं होते."

आईनं बाबाकडं पाहिलं. बाबानं किटलीकडं पाहिलं. किटलीला कुठं बघावं ते कळेना.

"आणि नळ?" भिंगरी म्हणाली.

आईनं बाटलीतलं साबणाचं पाणी ओतून साधं भरलं आणि ती पुन्हा टांगली. थेंब आला, फुगला, लोंबकळला आणि आवाज न करता फरशीवर जाऊन बसला. भिंगरी गुडघ्यांवर बसून कान लावून ऐकत होती. दुसरा थेंब. कान तसाच. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला कसला आलाय आवाज! पलीकडून खरा नळ मात्र अगदी त्याच वेळी, चुगली केल्यासारखा, टप् म्हणाला.

"हे आपलं घर नाही," भिंगरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "नुसतं आपल्यासारखं दिसतं. हे दुसरंच कुणाचं तरी आहे. चिडक्या माणसांचं."

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ मुडपले, नाक लाल झालं, आणि पापणीच्या कडेला एक थेंब जमला. आई समोरच होती, हातभर अंतरावर. तिला रडणाऱ्या पोरीला जवळ घ्यायला हवं होतं, आणि ती घेणारच होती, पण बाईचा पिंडच असा वाईट की तिची नजर आधी थेंबावर गेली. थेंब फुगला. लोंबकळला. सुटला. त्या चिमुकल्या गालावरून घरंगळत हनुवटीशी, टाक्यांच्या खुणेशी आला. आणि तो थेंब आईच्या डोळ्यांतून येतो तेवढाच होता. बाबाच्या डोळ्यांतून येईल तेवढाच. गाल एवढासा, डोळा एवढासा, नाकाचा तर शेंगदाणा. थेंब मात्र पूर्ण मापाचा.

'अरे, लहान आहे ती.' फुटाला इंच लावून आईनं सगळं घर कापलं होतं. आणि त्याच फूटपट्टीनं, त्याच हातासरशी, पोरीचं दुःखही कापून ठेवलं होतं. मुलाखतीत तिघांना डोलवणारी बाई!

तिनं भिंगरीला ओढून मांडीवर घेतलं. "चुकलं माझं. हे घर असं होत नसतं. मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही."

"तू तर शिकवतेस," भिंगरी हुंदक्यातून म्हणाली.

"शिकवणाऱ्यालाच आधी विसरायची सवय असते," मामा म्हणाला. "बाकीचे निदान परीक्षेपर्यंत धरून ठेवतात." आणि बाबानं त्याला कोपरानं ढोसून स्वयंपाकघरात नेलं.

भिंगरीचे हुंदके हळूहळू विरले. ती आईच्या मांडीवरूनच घराकडं बघत होती, आता खोट काढायला नव्हे, नुसतंच. मग तिनं खिडकीजवळची ती काड्यांची खुर्ची दोन बोटांत उचलली.

"ही आपल्याकडे कुठंय?"

"होती. पूर्वी."

"मी नव्हती सांगितली."

"नाही. मीच केली." आईनं खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवलं. "तू एवढीशी होतीस ना, तेव्हा पहाटे मी तिच्यावर बसून तुला दूध पाजायची. मला झोप यायची आणि तुला नाही."

भिंगरीनं खुर्ची जागेवर ठेवली. स्वयंपाकघरात डोकावली. "आणि हे काय काळं? हे पण नव्हतं सांगितलं."

ओट्यावर एक काळं कडं होतं, एका केसाच्या कुंचल्यानं रंगवलेलं. खऱ्या ओट्यावर ते कढत पातेल्यानं पडलेलं होतं. त्या दिवशी आईच्या हातात पातेलं असताना भिंगरी भिंत सोडून, कुणाचाही हात न धरता, स्वयंपाकघराच्या दारातून आत चालत आली होती. मग पातेलं कुठं टेकवावं याचं भान कुणाला राहतं? आईनं ते तसं सांगायला सुरुवात केली, आणि 'चालत आलीस' इथवर येऊन तिचा आवाज फाटला. तिनं डिंकाच्या वासावर ढकललं. भिंगरीनं वाटी हुंगून पाहिली. डिंकाला काही वास नव्हता.

बाबानं दोन कप ठेवले, आईला चहा, भिंगरीला दूध, आणि शहाण्यासारखा पुन्हा आत गेला.

"ठोकळीबाईला पण," भिंगरी म्हणाली.

म्हणून आईनं करवंदाच्या बीएवढ्या कपात चमच्याच्या टोकानं चहा सोडला. आईच्या कपातून घेतलेला, वाफाळता. भिंगरीनं बाहुलीला नीट बसवलं, पाय सरळ केले, कप तिच्या तोंडाशी नेला, मग करंगळीचं टोक लावून पाहिलं.

"गार झाला!"

"झाला ना?"

"आत्ता तर ओतला. तुझा?" तिनं आईच्या कपावर हात धरला. "तुझ्यातून अजून वाफ येतेय."

आता आईला कुणाला डोलवायचं नव्हतं. ती सावकाश, शब्द चाचपत बोलली. "बघ, ऊब बाहेर जाते ती अंगावरून जाते. लहान कपात आत असतं थोडंसंच, आणि त्या मानानं अंग पुष्कळ. म्हणजे बाहेर पडायला वाटा पुष्कळ. पटकन निघून जाते. मोठ्यात आत खूप साठलेलं असतं, आणि बाहेर जायला वाटा त्या मानानं कमी. म्हणून रेंगाळतं."

"म्हणून अंघोळ झाली की मी कुडकुडते आणि तू नाही?"

"म्हणून तर तुला टॉवेलात गुंडाळून घेते."

भिंगरीनं दुधाचा एक घोट घेतला. वर पांढरी मिशी आली. ती विचार करत होती, आणि विचार करताना तिचा डावा पाय हलायचा तसा हलत होता. आई आपल्याशी सोमवारच्या फोनची वाक्यं जुळवत होती. आपण आभारी आहोत. सध्या घरच्या अडचणीमुळं. पुढं कधी जागा निघाली तर.

"मी त्यांना नाही म्हणून सांगते, भिंगरी. आपण इथंच राहू."

"नको."

"काय नको?"

"जाऊ. मी येते." तिनं बाहीनं मिशी पुसली. "मी लहान आहे ना. माझ्यात आत थोडंच आहे, आणि बाहेर जायला वाटा पुष्कळ आहेत. माझं वाईट वाटणं लवकर जाईल."

आई बोलायला गेली. तसं नसतं गं, आत्ता मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, थेंब पूर्ण मापाचा होता. पण भिंगरी तिच्याकडं बघतच नव्हती. ती त्या काड्यांच्या खुर्चीकडं बघत होती, मग ओट्यावरच्या काळ्या कड्याकडं, आणि मग वळून तिनं आईच्या कपाळाला चिकटलेली बट दोन बोटांनी सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना.

"पण तू तर मोठी आहेस," ती म्हणाली. "तुझं जायला किती दिवस लागतील?"